अंगावरून जास्त जाणे : दोष पिशवीचा की रक्ताचा?

पाळीच्या वेळी अंगावरून जास्त जाणे ही आपल्या माता-भगिनींची फार जुनी तक्रार आहे. तरीही ती आजार म्हणून लवकर पुढे येत नाही. "आपल्या घरात सगळ्यांचं असंच असतं, लग्न झालं की थांबेल," असे सांगून आई मुलीची समजूत काढते. लग्न झाल्यावर सासू सांगते, "एक बाळंतपण होऊ दे, मग बघ." विटाळाची कल्पना आपण विचाराने टाकून दिली, पण पाळीविषयी मोकळेपणाने बोलण्याचा संकोच अजून घराघरांत आहे. त्यामुळे बाई दवाखान्याची पायरी चढते तेव्हा पुष्कळदा तिचे हिमोग्लोबिन सहा-सातवर आलेले असते. मग रक्तवाढीच्या गोळ्या, एक-दोन वेळा क्युरेटिंग आणि शेवटी गर्भपिशवी काढून टाकणे, असा क्रम सुरू होतो. या सगळ्यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. या बाईचे रक्त मुळात नीट गोठते का?

या लेखात आम्ही तेवढ्या एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. लेख वाचून कोणी स्वतःवर उपचार करावेत असा आमचा हेतू नाही. आपल्या घरातील मुलीला, सुनेला किंवा बहिणीला कोणते प्रश्न विचारावेत, डॉक्टरांना कोणती माहिती द्यावी आणि कोणत्या तपासण्यांविषयी चौकशी करावी, एवढे वाचकांना कळले तरी पुरेसे आहे.

जास्त म्हणजे किती?

वैद्यकीय पुस्तकांत पूर्वीपासून एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त जाणे म्हणजे अतिस्राव अशी व्याख्या दिलेली असे. पण घरात रक्त कोण मोजणार? म्हणून आता व्याख्या बदलली आहे. स्त्रीच्या शरीरावर, मनावर आणि रोजच्या जगण्यावर परिणाम होईल इतका स्राव म्हणजे अतिस्राव, असे ब्रिटनच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांनी मानले. शाळा बुडते, कामाचा खाडा होतो, बाहेर जायची भीती वाटते, हेही आता आजाराचेच लक्षण धरले जाते.

ओळखण्याच्या काही सोप्या खुणा आहेत. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते. एक पॅड दोन तासांच्या आत पूर्ण भिजते. रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात. रात्री पॅड बदलण्यासाठी उठावे लागते, अंथरुणाला डाग पडतात, एकावर एक दोन पॅड लावावे लागतात. यांतील एखादी खूण प्रत्येक पाळीला दिसत असेल तर "बाईच्या जातीला हे चालायचंच" असे म्हणून गप्प बसू नये.

ब्रिटनमधील डॉक्टरांनी १९९० मध्ये यासाठी एक चित्रतक्ता तयार केला. थोडे भिजलेले पॅड असेल तर १ गुण, मध्यम भिजले असेल तर ५, पूर्ण भिजले असेल तर २०. लहान गाठीला १ आणि मोठ्या गाठीला ५ गुण. पूर्ण पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर स्राव जास्त आहे असे समजतात. आपल्याकडे अनेक भगिनी अजून कापडाची घडी वापरतात आणि घडी किती रक्त शोषते याला काही माप नाही. त्यामुळे हा तक्ता त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही. पण रोज किती घड्या बदलल्या आणि किती गाठी पडल्या हे कॅलेंडरवर तारखेपुढे लिहून ठेवले, तरी डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

रक्त गोठते कसे?

शेताच्या पाटाला भगदाड पडले की शेतकरी काय करतो? आधी दगड टाकतो, ते वाहून जाऊ नयेत म्हणून चिखलाने लिंपतो आणि वरून काट्याकुट्यांची ताटी लावतो. रक्तवाहिनी फुटली की शरीरही असेच काम करते. प्रथम रक्तवाहिनी आकसते. मग प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी भगदाडाशी गोळा होतात. हे आपले दगड. त्यांना रक्तवाहिनीच्या भिंतीशी चिकटवून ठेवणारा एक घटक रक्तात असतो, त्याला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर म्हणतात, हा चिखल. शेवटी रक्तातील इतर घटक, ज्यांना आठवा फॅक्टर, नववा फॅक्टर अशी क्रमांकाची नावे आहेत, ते एकामागून एक जागे होतात आणि फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणतात, ही ताटी.

पाळीत गर्भपिशवीचे आतले अस्तर गळून पडते आणि तेथील असंख्य बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या बंद करण्यासाठी दगड, चिखल आणि ताटी तिन्ही लागतात. म्हणजे दर महिन्याला स्त्रीच्या रक्त गोठण्याच्या शक्तीची एक परीक्षाच होते. पुरुषाला ही परीक्षा द्यावी लागत नाही. रक्तात सौम्य दोष असलेला पुरुष कदाचित आयुष्यभर ते न कळता जगेल. तोच दोष असलेल्या त्याच्या बहिणीला मात्र वयात आल्यापासून दर महिन्याला त्रास होतो. रक्त न गोठण्याचा आजार म्हटला की लोकांना हिमोफिलिया आठवतो आणि हिमोफिलिया म्हणजे मुलांचा आजार असे वाटते. या समजुतीमुळे मुलींकडे दुर्लक्ष झाले आहे.

एका बेटावरील कुटुंबाची हकीकत

या आजाराचा इतिहास एका मुलीपासूनच सुरू होतो. फिनलंडजवळ ऑलंड नावाचा बेटांचा समूह आहे. तेथील पाच वर्षांची एक मुलगी १९२४ मध्ये हेलसिंकी येथे डॉ. एरिक व्हॉन विलेब्रँड यांच्याकडे तपासणीसाठी आली. तिला वारंवार रक्तस्राव होत असे आणि तिच्या काही भावंडांचा रक्तस्रावानेच मृत्यू झाला होता. डॉक्टरांनी तिच्या नातेवाइकांची वंशावळ मांडली. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्हीकडच्या घराण्यांत रक्तस्रावाचे रुग्ण सापडले. त्यांत स्त्रिया आणि पुरुष दोन्ही होते. हा हिमोफिलिया नव्हे, हा वेगळाच आनुवंशिक आजार आहे, असे त्यांनी १९२६ मध्ये लिहिले. आज तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

ती मुलगी तेरा वर्षांची झाली. पाळी सुरू झाली आणि चौथ्या पाळीतच रक्तस्राव न थांबल्यामुळे ती मरण पावली. आजार कळला होता, पण त्या काळी त्यावर औषध नव्हते. आज औषधे आहेत; अडचण आजार ओळखला जात नाही ही आहे.

हे प्रमाण किती?

अंगावरून जास्त जाण्याची कारणे अनेक आहेत. गर्भपिशवीतील फायब्रॉइडच्या गाठी, पॉलिप, थायरॉइडचा विकार, वयात येताना किंवा पाळी जाताना होणारी हार्मोनची उलथापालथ, आणि क्वचित कर्करोग. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ मध्ये या कारणांचे नऊ गट पाडले. त्यांत रक्त गोठण्यातील दोषाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. २००४ मध्ये वेगवेगळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा अतिस्रावाची तक्रार असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांत व्हॉन विलेब्रँड आजार आढळला. रक्त गोठण्याचे सगळे दोष धरले तर हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. म्हणजे अशा पाच-आठ जणींत एखादीचे दुखणे पिशवीत नसून रक्तात असू शकते. हे आकडे मुख्यतः बाहेरच्या देशांतले आहेत हे खरे. पण आजार देश पाहून होत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशा नात्यांत लग्ने होण्याची चाल आपल्या अनेक समाजांत आहे. काही रक्तदोष आई आणि वडील दोघांकडून आले तरच तीव्र रूपात प्रकट होतात. नात्यातल्या लग्नांत तसे होण्याची शक्यता वाढते. व्हॉन विलेब्रँड आजाराचा तिसरा, म्हणजे सर्वांत तीव्र प्रकार आणि ग्लान्झमन थ्रॉम्बास्थेनिया हे त्यांपैकी आहेत. ग्लान्झमनमध्ये प्लेटलेटची संख्या अगदी नॉर्मल असते, पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत. नुसता रिपोर्ट पाहून हा दोष कळत नाही.

विदर्भातील आपल्या वाचकांना रक्तदोष म्हटला की सिकलसेल आठवेल. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशींचा आकार बिघडतो, तो रक्त न गोठण्याचा आजार नाही. दोन्ही वेगळे आहेत. पण एकाच भगिनीचे रक्त दोन कारणांनी कमी झालेले असू शकते, म्हणून एक तपासणी झाली की दुसरीची गरज नाही असे मानू नये.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. यातील बहुतेकींना रक्तदोष नाही. अपुरा आहार, जंत, लागोपाठची बाळंतपणे ही कारणे मोठी आहेत. पण लोहाच्या गोळ्या घेऊनही जिचे हिमोग्लोबिन वाढत नाही किंवा वाढून पुन्हा उतरते, तिच्या बाबतीत रक्त जाते कोठे, हे विचारलेच पाहिजे.

विचारायचे सहा प्रश्न

पहिली चाळणी प्रयोगशाळेत लावायची नसते, ती प्रश्नांची असते. जगभर वापरले जाणारे हे प्रश्न आम्ही सोप्या शब्दांत देत आहोत.

१. पहिल्या पाळीपासूनच अंगावरून जास्त जाते का?
२. बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर, ऑपरेशननंतर किंवा दाढ काढल्यानंतर नेहमीपेक्षा जास्त रक्त गेले होते का?
३. महिन्यातून एक-दोन वेळा घोळणा फुटतो का?
४. फारसा मार न लागता अंगावर मोठे काळेनिळे डाग महिन्यातून एक-दोन वेळा उठतात का?
५. हिरड्यांतून वारंवार रक्त येते का?
६. रक्ताच्या नात्यात कोणाला असा त्रास आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "होय" असेल, किंवा दुसऱ्याचे "होय" असेल, किंवा तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे "होय" असतील, तर रक्त गोठण्याच्या तपासण्या करून घ्याव्यात.

दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. चौदा वर्षांच्या मुलीचे ना ऑपरेशन झालेले असते ना बाळंतपण. तिने दुसऱ्या प्रश्नाला "नाही" म्हटले तर त्याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. परीक्षेची वेळच आलेली नाही एवढाच होतो. म्हणून तिच्या आईला, मावशीला, आत्याला विचारावे. दुसरे असे की, ज्या घरात आई, आजी, मावशी सगळ्यांनाच जास्त जाते, त्या घरात तो त्रास नेहमीचाच वाटू लागतो. "आमच्याकडे सगळ्यांचं असंच" हे वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नये. ते सहाव्या प्रश्नाचे "होय" असे उत्तर आहे.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असते हे खरे. पण एखाद्या मुलीला त्या काळात रक्त चढवावे लागले, तर "वय आहे, होईल ठीक" असे म्हणून तिला तशीच घरी आणू नये.

तपासण्या कोणत्या?

आपल्याकडे ऑपरेशनपूर्वी बोट किंवा कान टोचून "बीटी-सीटी" करण्याची पद्धत आहे. तो रिपोर्ट नॉर्मल आला की रक्त गोठते असे सर्वजण धरून चालतात. हे बरोबर नाही. व्हॉन विलेब्रँड आजाराच्या सौम्य रुग्णांत बीटी-सीटी नॉर्मल येऊ शकते. इतकेच काय, पीटी आणि एपीटीटी या अधिक चांगल्या तपासण्याही नॉर्मल येऊ शकतात.

पहिल्या पायरीवर संपूर्ण रक्ततपासणी, प्लेटलेटची संख्या, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थर, लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी, पीटी, एपीटीटी आणि फायब्रिनोजेन यांचा समावेश होतो. दुसऱ्या पायरीवर व्हॉन विलेब्रँड फॅक्टरचे प्रमाण, त्याची काम करण्याची क्षमता आणि आठवा फॅक्टर मोजतात. त्यातही काही सापडले नाही आणि लक्षणे ठळक असली, तर प्लेटलेट एकमेकींना चिकटतात की नाही ते पाहतात. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार व्हॉन विलेब्रँड फॅक्टर ३० च्या खाली असेल तर आजार निश्चित समजतात. ३० ते ५० च्या दरम्यान असून रक्तस्रावाची लक्षणे असतील तरीही निदान धरतात.

हा घटक स्थिर नसतो. गर्भारपणात, तापात, धावपळीत, भीतीने तो वाढतो. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनीही वाढू शकतो. "ओ" रक्तगटाच्या व्यक्तींत तो मुळातच इतरांपेक्षा कमी असतो. घेतलेले रक्त तसेच बर्फावर ठेवून दूर पाठवले तर तो चुकून कमी दिसतो. म्हणून एका रिपोर्टवर निकाल देऊ नये. संशय असेल तर तपासणी पुन्हा करावी आणि शक्यतो मोठ्या केंद्रात करावी. मुंबईत परळ येथील के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था रक्ताच्या आजारांवरच काम करते. इतरांनी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रक्तविकारांचे डॉक्टर किंवा हिमोफिलियाचे केंद्र कोठे आहे याची चौकशी करावी.

निदान झाल्यावर पुढे काय?

रक्तदोष निघाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पुष्कळ जणींचा आजार सौम्य असतो आणि साध्या औषधांनी आटोक्यात राहतो. गाठ विरघळू न देणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पाळीच्या दिवसांत देतात. हे औषध जपानमधील उताको ओकामोतो या स्त्री-संशोधकाने आपल्या पतीसह शोधले. १९६२ मध्ये त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. काहींना हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोन सोडणारी तांबी बसवून चांगला गुण येतो. काही प्रकारांत डेस्मोप्रेसिन उपयोगी पडते. तीव्र आजारात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर बाहेरून शिरेतून द्यावा लागतो. कोणते औषध कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. त्याबरोबर लोहाचा साठा भरून काढणे आवश्यक असते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू-आवळा चालेल.

एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. पोट दुखते म्हणून मुली दुकानातून मेफेनॅमिक ॲसिडची गोळी आणतात, डोके दुखते म्हणून ॲस्पिरिन घेतात. ही औषधे प्लेटलेटचे काम मंद करतात. रक्तदोषाचा संशय असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित आहे. कमरेवर किंवा दंडावर इंजेक्शन घेण्यापूर्वीही आजार सांगावा, कारण स्नायूत रक्त साचू शकते.

गर्भारपणात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर वाढतो, त्यामुळे बाळंतपण सुखरूप पार पडल्यासारखे वाटते. नंतर तो उतरतो आणि बाळंतीण घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जोराने रक्त जाऊ लागते. अशा बाळंतिणीच्या घरच्यांनी तेवढे दिवस सावध राहिले पाहिजे.

पिशवी काढण्यापूर्वी

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचा प्रश्न पुढे आला. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे गरिबी, कामाचा खाडा परवडत नसणे, कर्करोगाची भीती अशी अनेक कारणे होती. ती सारी रक्तदोषाची प्रकरणे होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण अंगावरून जाण्याचे खरे कारण न शोधता ऑपरेशनकडे वळण्याची आपल्याकडील घाई त्यातून दिसते.

पिशवी काढली की पाळी थांबते, रक्तातला दोष तसाच राहतो. शिवाय दोष माहीत नसताना टेबलावर घेतलेल्या बाईला ऑपरेशनमध्येच धोका असतो. आधी माहीत असेल तर डॉक्टर औषधे आणि फॅक्टर तयार ठेवून तेच ऑपरेशन सुरक्षितपणे करू शकतात, आणि पुष्कळदा ऑपरेशनची गरजच उरत नाही. सोनोग्राफीत लहानशी फायब्रॉइडची गाठ दिसली म्हणून रक्तदोष नाही असेही ठरत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. म्हणून कोणी ऑपरेशन सुचवले तर नम्रपणे, पण स्पष्ट विचारावे : "डॉक्टर, रक्त गोठण्याची पूर्ण तपासणी झाली आहे का?" हा प्रश्न विचारण्याचा प्रत्येक बाईला हक्क आहे.

आपण काय करू शकतो?

दरवर्षी १७ एप्रिल हा जागतिक हिमोफिलिया दिन असतो. २०२५ मध्ये त्याचा विषयच स्त्रिया आणि मुली यांचा रक्तस्राव हा होता. जगाने इतक्या उशिरा का होईना ही गोष्ट मानली. आपल्या वस्तीत, महिला मंडळात, मुलींच्या वसतिगृहात आरोग्य शिबिर घेतो तेव्हा हिमोग्लोबिन तपासण्याच्या टेबलाशेजारी वरील सहा प्रश्नांचा कागद ठेवता येईल. त्याला खर्च येत नाही. प्रश्न विचारायला आशाताई, परिचारिका किंवा वाचता येणारी कोणतीही समजूतदार भगिनी पुरते. मात्र ते आडोशाला, एकटीला विचारावेत. ज्यांची उत्तरे "होय" येतील त्यांची नावे चारचौघांत वाचू नयेत, त्यांना चिठ्ठी देऊन रुग्णालयात पाठवावे आणि त्या गेल्या की नाही याची पुढच्या महिन्यात चौकशी करावी.

ज्या मुलीचे निदान झाले असेल तिचा रिपोर्ट घरात जपून ठेवावा आणि दाताच्या डॉक्टरापासून बाळंतपणापर्यंत प्रत्येक ठिकाणी दाखवावा. तिच्या लग्नाच्या काळजीने तो लपवून ठेवू नये. लपवलेला कागद बाळंतपणाच्या वेळी कोणाच्याच उपयोगी पडत नाही. तिच्या भावांचीही तपासणी करावी, कारण दोष त्यांच्याकडेही असू शकतो आणि पुढे त्यांच्या मुलींकडे जाऊ शकतो.

वडिलांनी आणि भावांनीही हा लेख वाचावा अशी आमची विनंती आहे. दवाखान्याचा खर्च आणि ऑपरेशनचा निर्णय पुष्कळ घरांत अजून त्यांच्याच हाती आहे. मुलगी महिन्यातून चार दिवस शाळेत जात नाही, जिना चढताना तिला दम लागतो, ओठ पांढरे पडले आहेत, हे त्यांनाही दिसते. ते दिसले की आईकडे बोट दाखवून गप्प न बसता मुलीला तपासणीला घेऊन जावे.